राक्षसाचं खळं

पैठणच्या रस्त्याला आमचं शेत. शेताच्या मधोमध मोठाल्या धोंड्यांचं रिंगण होतं. गाव त्याला राक्षसाचं खळं म्हणायचं. वडील त्याला वळसा घालून नांगर धरायचे. राक्षस कुणी पाहिला नव्हता, पण उगीच वाकड्यात कशाला शिरा?

माझं लग्न ठरलं त्या हिवाळ्यात शहरातून उत्खननवाले आले. त्यांनी रिंगणात खणलं आणि माणसाची हाडं लागली. गावात नुसता कल्ला! निजामावरच्या पोलीस ॲक्शनच्या वेळी कुणाला तरी मारून पुरलं असंल, असं जो तो म्हणायचा आणि पिंजारीण चाचीच्या घराकडं बघायचा.

चाची गावाच्या गाद्या भरायची. तिचा नवरा त्या धामधुमीत बाजाराला म्हणून गेला, तो आलाच नाही. मेला म्हणावं तर मय्यत नाही, जिवंत म्हणावं तर खबर नाही. एवढी वर्षं तिनं हातातल्या बांगड्या आणि गळ्यातली काळी पोत तशीच ठेवली होती. बहिणी उतरव म्हणायच्या. "मिट्टी कुणी दिली, कुठं दिली ते सांगा, मग उतरवते," एवढंच तिचं उत्तर.

मी खणणाऱ्यांना चहा घेऊन गेले होते, तेव्हा ती आली. मला तिचा रागच आला. घरी बसून खबर ऐकायची, हे बघायला कशाला यायचं?

"साहेब, कुणाचं हाय?"

साहेब भला माणूस. "हजारो वर्षांपूर्वीचं आहे, बाई. तेव्हा हे गावसुद्धा नव्हतं."

"म्हंजे आमचे नाय."

सुटली बिचारी, असं मला वाटलं. पण ती तिथंच बसली. हाडं पेटीत भरून होईस्तोवर हलली नाही.

"ह्याला पुरलं कुणी, साहेब?"

"घरच्यांनीच असेल. उशाला मडकं ठेवलंय बघा."

"नशीबवाला," चाची म्हणाली.

पेटी गेली, खड्डा उरला. तिनं वडिलांना विचारलं, "भाऊ, मी मिट्टी देऊ?" वडील एरवी कुणाचं ऐकायचे नाहीत. त्यांनी नुसती मान डोलावली. तिनं तीन मुठी माती खड्ड्यात टाकली, तोंडातल्या तोंडात काही म्हणाली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी ती माझ्या लग्नाची गादी भरायला आली. हात मोकळे, गळाही मोकळा. आईच्या डोळ्यांना धार लागली.

चाची उंबऱ्याबाहेरच थांबली. "लग्नाची गादी हाय. आता माझा हात चालंल का?"

आईनं डोळे पुसले, तिला हाताला धरून आत घेतलं आणि कापसाचं पोतं तिच्यापुढं ओढलं.