अप्पांचा कॉम्प्युटर का बंद पडायचा

तुमच्याकडं कॉम्प्युटर मधेच बंद पडला, तर आधी कुणाला बोलणी बसतात हो? आमच्याकडं मला बसायची!

असे किस्से ठरवून गोळा करावे लागत नाहीत. डब्यातल्या बटणांसारखे ते आपोआप साठतात. एक शोधायला जावं, तर पाच हाताला लागतात.

मानवतला एसटी स्टँडजवळ अप्पांचं लग्नपत्रिका आणि फ्लेक्सचं दुकान आहे. मी दहावी शिकलेली. बरीच वर्षं चूल सांभाळली, मग कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी अप्पांकडं टायपिंगला लागले. आयुष्यातली पहिली नोकरी! पहिल्याच दिवशी अर्धी पत्रिका टाईप झाली आणि प्रोग्राम गायब. स्क्रीनवर नुसता गणपतीचा फोटो.

अप्पा म्हणाले, "बाई, तुमच्या हाताला यश न्हाई वाटतं."

माझ्या हातून कधी पुरणपोळी फुटली नव्हती, आणि इथं अख्खा कॉम्प्युटर! अप्पा मनानं चांगले. म्हणाले, "लगीनसराईभर बघू. न्हाईच जमलं, तर सेलूचा माझा मेहुणा रिकामाच हाय."

म्हणजे माझी खुर्ची लगीनसराईपुरतीच.

*

कॉम्प्युटर दुरुस्तीला परभणीहून शबाना यायची. एसटीनं, खांद्याला पिशवी अडकवून. तिनं तीन बटणं एकदम दाबली, एक यादी उघडली आणि मला जवळ बोलावलं.

"मावशी, तुमची गलती न्हाई. याला जागाच न्हाई उरली. चार माणसांच्या घरात चाळीस पाहुणे उतरवले, तर कुणीतरी बाहेर पडणारच ना?"

त्या दिवशी घरी जाऊन मी देवापुढं साखर ठेवली. शबानासाठीच!

आमचे पाहुणे निघाले फॉन्ट. जो येईल त्याच्या पेनड्राइव्हमधली सगळी अक्षरं अप्पांनी भरून घेतली होती. कॉम्प्युटर सुरू झाला, की बिचारा ती सगळी डोक्यावर घेऊनच उठायचा. शबाना ती काढायला लागली, तसे अप्पा कासावीस झाले.

"आन् गिऱ्हाइकानं मागितलं तर?"

"अप्पा, इतक्या वर्षांत तुमी वापरले किती?"

अप्पांनी बोटं मोजली.

"दोन. एक मजकुराला आन् एक श्री गणेशाला."

*

एकदा वाढदिवसाचा फ्लेक्स आला. वर नेता, खाली शुभेच्छुकांचे साठ फोटो. प्रत्येकानं मोबाइलमधला फोटो आहे तसाच पाठवलेला, एकेक भलताच जड. बावन्नावा फोटो टाकला की प्रोग्राम बंद. पुन्हा पहिल्यापासून, पुन्हा बावन्नाव्यालाच बंद!

मी शबानाला फोन लावला. ती म्हणाली, "मावशी, फोटो टाकायच्या आधी प्रत्येकाचं वजन उतरवा. दिसायला तेवढाच राहतो."

मी वजन उतरवायला बसले. मागं एक शुभेच्छुक उभे होते, त्यांनी ऐकलं.

"बाई, माझ्या फोटोचं वजन कमी करायलाय व्हय तुमी?"

"सगळ्यांचंच करतेय, भाऊ."

"उपाध्यक्षाचं केलं का?"

"अजून नाही."

"मंग आधी त्याचं करा. मी हितंच थांबतो."

आणि खरंच थांबले!

*

पुढं कॉम्प्युटर म्हणायला लागला, डिस्क भरली. शबाना आली, तिनं पाहिलं, सगळ्यात जास्त माल रिसायकल बिनमध्ये. ती रिकामी करणार, तेवढ्यात अप्पा काउंटरवरून ओरडले, "हात लावू नको! जुन्या गिऱ्हाइकांच्या सगळ्या पत्रिका त्यातच हायेत!"

शबानानं कपाळाला हात लावला. "अप्पा, ही कचऱ्याची टोपली हाय!"

"म्हणूनच ठिवल्या. कचऱ्यात कोण बघतंय?"

सगळ्या फाइली बाहेर काढून वेगळ्या डिस्कवर ठेवायला आम्हा दोघींना पूर्ण दिवस लागला. दुपारी माझ्याच डब्यातलं पिठलं-भाकर दोघींनी खाल्लं. तेव्हा तिनं मला ती तीन बटणं शिकवली. "बंद पडलं की घाबरायचं न्हाई मावशी. आधी यादी बघायची, कोण जागा अडवून बसलंय ते." मी ते वहीत लिहून घेतलं. शाळा सुटल्यावर मला कुणी असं शेजारी बसवून काही शिकवलं नव्हतं.

*

एवढं करूनही ऐन लगीनसराईत रोज दुपारी प्रोग्राम बंद पडायला लागला. त्या शनिवारी बोरीच्या एका पार्टीची पत्रिका तीनदा गेली. अप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "बाई, सोमवारी मेहुणा येतोय." मला सगळं कळलं.

रविवारी दुकान उघडं होतं. मी शबानाला बोलावून घेतलं. तिनं खालच्या पट्टीतल्या एकाच चित्रावर बाण नेला आणि ओळच्या ओळ उघडली. अडतीस पत्रिका! सगळ्या उघड्या.

"मावशी, या बंद का न्हाई केल्या?"

मी अप्पांकडं पाहिलं. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं होतं, लग्न लागेपर्यंत पत्रिका बंद करायची नाही. त्यांच्या वडिलांचा खिळ्यांचा, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं जुळवून छापायचा छापखाना होता. जास्तीच्या पत्रिका लागल्या तर म्हणून लग्न होईपर्यंत जुळवलेले खिळे सोडायचे नाहीत, अशी तिथली रीत. अप्पांनी ती कॉम्प्युटरवर आणली. रात्रीसुद्धा कॉम्प्युटर चालूच असायचा, आणि प्रोग्राम पडला की मी सगळ्या पत्रिका पुन्हा उघडून ठेवायची, सांगितलेलं पाळत होते.

शबाना म्हणाली, "अप्पा, सेव्ह करून बंद केली तरी पत्रिका जात न्हाई. कधीबी उघडा."

"जास्तीच्या पत्रिकांचं मिटलं. पर आजवर आमच्या हातच्या पत्रिकेचं एक लग्न मोडलं न्हाई. बंद केली आन् एखाद्या पोरीचं मोडलं तर? कुणाच्या पोरीवर बघायचं हे?"

शबानाचा हात माउसवरून निघाला. तिलाही लेक आहे.

त्या अडतिसांत एक पत्रिका माझ्या लेकीची होती. लग्न पंधरा दिवसांवर आलेलं.

मी म्हणाले, "अप्पा, माझ्या पोरीवर बघा."

सेव्ह केली आणि बंद केली. अप्पा उठून बाहेर जाऊन उभे राहिले. मग मी उरलेल्या सदतीस एकेक करून बंद केल्या. बोरीची पत्रिका पूर्ण झाली, पिंगळीची झाली, संध्याकाळपर्यंत प्रोग्राम एकदाही पडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी सेलूचे मेहुणे आले, तेव्हा अप्पांनी त्यांना कागद कापायच्या मशीनवर बसवलं. मी दुकानात गेले, तर माझी खुर्ची माझ्यासाठी रिकामी होती, कॉम्प्युटर सुरू होता आणि त्याच्यावर अप्पांनी एकच पत्रिका उघडून ठेवली होती, माझ्या लेकीची.