वसमतकर सरांचा नियम आणि श्रीनूचा हात

आज सकाळी वसमतकर सर गेले, आणि मला रडू येत नाहीये.

राग येतोय. कुणाचा, तेही नीट कळत नाही.

उद्या संध्याकाळी कॉलेजमध्ये शोकसभा आहे. प्रिन्सिपलसाहेबांनी स्मशानातच मला गाठलं. म्हणाले, मॅडम, तुम्हीच बोला, तुम्ही त्यांच्या स्टुडंट. फक्त जुन्या भानगडी नकोत.

मी हो म्हटलं. तेव्हापासून एक वाक्य धड जुळत नाही.

जे सरांना ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. आमच्या शहरातल्या नल्लकुंटा भागातलं वसमतकरांचं घर म्हणजे पिढ्यानपिढ्या सरकारी नोकर, नाहीतर वकील. हे एकटे ओल्या चड्डीत, गळ्यात शिट्टी. आमच्या कॉलेजचे स्विमिंग कोच. त्यांचे वडील पाहुण्यांना सांगायचे, "धाकटा पाणीपुरवठा खात्यात आहे."

सर आले तेव्हा पूलमध्ये शेवाळ होतं. वॉचमनला घेऊन त्यांनी ते स्वतः खरवडलं. मग मुलींची बॅच काढली. आयांनी नाकं मुरडली, तर सर आपल्या बायकोलाच, म्हणजे आमच्या काकूंना, घेऊन आले. काकू रोज काठावर बसून भाजी निवडायच्या. त्यांच्या भरवशावर आम्ही पाण्यात उतरलो.

आणि सरांचा एक नियम होता.

टीममध्ये यायचं असेल तर पाण्याला घाबरणाऱ्या एकाला पोहायला शिकवायचं. सिलेक्शनच्या दिवशी त्याने एकट्याने पूल ओलांडायचा. नाही जमलं, तर शिकवणारा स्पर्धेला जाणार नाही. मग तो कितीही फास्ट असो.

बाकीचे कोच हसायचे. सर म्हणायचे, "तलावावर कुणी बुडताना दिसला, तर हा काय त्याला मेडल दाखवणार?"

श्रीनू आमचा सगळ्यात फास्ट. लॉरी ड्रायव्हरचा मुलगा. त्या वर्षी इंटर युनिव्हर्सिटी खेळला असता, तर रेल्वेत स्पोर्ट्स कोट्यातून लागला असता. घरात सगळे त्याच आशेवर.

त्याच्या वाट्याला आले मी.

गळ्यापर्यंत पाणी आलं की मी किंचाळायचे. तो माझ्याच वयाचा, पण चिडवायला अक्का म्हणायचा. "पानी कू गाली दो अक्का, डरो नक्को."

सिलेक्शनच्या दिवशी मी उडी मारली. श्रीनू शेजारून पोहत होता, पण हात लावायची मुभा नव्हती. डोळे मिटलेले, नाकात पाणी, कानात नुसता आवाज. मग हाताला भिंत लागली. समोरची.

टाळ्या वाजल्या. सरांची शिट्टी वाजली नाही.

"श्रीनू, हाथ लगाया तू. उसके पेट के नीचे."

"नई सर. कसम से नई."

"मैं देखा."

बस. श्रीनू गेला नाही. रेल्वे गेली.

मी ओल्या कपड्यांनिशी तेव्हाच्या प्रिन्सिपलच्या केबिनमध्ये शिरले आणि आयुष्यातलं पहिलं भाषण ठोकलं. काही बदललं नाही. दुसऱ्या दिवशी सरांनी बोलावलं. वाटलं, हाकलणार.

म्हणाले, "चांगलं बोललीस. पण वाक्याच्या मधेच श्वास घेतेस, म्हणून शेवटी आवाज पडतो. उतर पाण्यात."

आज तुम्ही माझी भाषणं ऐकायला येता ना, ती त्या श्वासावर चालतात. सरांशी मी आयुष्यभर भांडले, ते सरांनीच दिलेल्या श्वासाने. याला काय म्हणायचं?

एका माणसाच्या अहंकाराने एका मुलाचं आयुष्य खाल्लं. हे मी नावं न घेता किती व्यासपीठांवरून सांगितलंय. कधी शंका आली नाही.

मागच्या महिन्यात सरांना भेटायला गेले. अंथरुणाला खिळलेले. मी सरळच विचारलं.

"हात होता," ते म्हणाले. "आजही तेच सांगेन."

मग म्हणाले, "पण त्यानंतर मी कुकटपल्लीला कधी गेलो नाही. तो तिकडे राहतो म्हणून."

सर, तुम्ही बरोबर होतात तर घाबरलात कशाला? चुकलात, तर तेव्हा तरी सांगायचं होतं.

आज श्रीनू आला होता. केस पांढरे झालेत. त्याने खांदा दिला. मी त्याला बाजूला घेऊन विचारलं, माफ केलंस का सरांना?

"नई अक्का. कंधा देने कू माफ करना पडता क्या?"

मग मी त्याला जे कधीच विचारलं नव्हतं ते विचारलं. हात होता का?

चितेकडे बघत तो म्हणाला,

"उस दिन पक्का मालूम था, नई था. अब सोचा तो... तुम डूबते दिखे क्या, हाथ अपने आप गया क्या, मेरेकू भी नई मालूम."

आणि मला? पोट माझं होतं. मला तरी कळायला हवं होतं. मला फक्त पाणी आठवतं.

बुडणाऱ्याला हात द्यायला शिकवण्यासाठीच तो नियम होता ना, सर? मग त्याने हात दिला असेल, तर तो पास की नापास? की तो खोटं बोलला म्हणून थांबवलंत? आणि तो खोटं बोललाच नसेल तर?

इतकी वर्षं मला सगळं स्पष्ट दिसत होतं. आज काहीच दिसत नाही.

निघताना श्रीनू म्हणाला, "कल तुम बोल रहे ना? मेरा नाम लेना. उस कॉलेज में किसी ने नई लिया."

चांगलं बोल म्हणाला नाही, वाईट बोल म्हणाला नाही. एवढंच.

प्रिन्सिपलसाहेब, ही पोस्ट तुम्हीही वाचाल. वाचा.

सर, उद्या तुमच्या फोटोसमोर उभी राहून मी सांगणार आहे की श्रीनिवास हा या कॉलेजचा सगळ्यात फास्ट स्विमर होता, आणि तुम्ही त्याला जाऊ दिलं नाहीत.

पुढचं वाक्य अजून सुचलेलं नाही.

तुम्ही बरोबर होतात की चूक, हे न ठरवताच तुम्हाला निरोप देतेय.

या, सर. नमस्कार.