सिंगापूरहून पेनसिल्व्हेनियाला गेलेलं पाकीट

२०१६च्या ऑक्टोबरात धाकट्या बहिणीचा, मुग्धाचा, फोन आला की दिवाळीआधी येऊन जा, आणि मी तिकीट काढलं. मुंबईहून सिंगापूर साडेपाच तास. विमानतळावरच प्रवासाचं कार्ड घ्या, एमआरटी म्हणजे तिथली मेट्रो आणि बस, दोन्हींत चालतं. मुग्धाचा फ्लॅट जुरोंग ईस्टला, म्हणजे शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, पण गाडीत बसायला मिळालं.

मुग्धा आधी बारा वर्षं अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात होती. तिथलं नागरिकत्व मिळालं आणि लगेच कंपनीने तिला सिंगापूरला पाठवलं. त्यामुळे अध्यक्षपदासाठी ती पहिल्यांदाच मत देणार होती, तेही टपालाने. तिकडे भलतीच चुरस आहे, एकेक मत मोलाचं आहे, हे मी लिटिल इंडियात कढीपत्ता निवडतानाही ऐकत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी तिने मतपत्रिका आतल्या पाकिटात घालून ते बंद केलं आणि आंघोळीला गेली. आमच्या घरात लग्नाची पत्रिका असो की नोकरीचा अर्ज, कुंकू लावल्याशिवाय बाहेर जात नाही. मी देव्हाऱ्यातलं कुंकू पाकिटाच्या कोपऱ्याला लावलं आणि ते बाहेरच्या पाकिटात सरकवलं. तिने येऊन त्यावर सही केली, चिकटवलं, आणि आम्ही पोस्टात देऊन आलो.

मग हॉकर सेंटरला जेवलो. शाकाहारी असाल तर भारतीय स्टॉलवरचा डोसा घ्या, आणि बाराच्या आत जा, नंतर टेबल मिळत नाही. मुग्धा खुशीत होती, मला सगळी पद्धत समजावत होती.

"आतल्या पाकिटावर काही खूण चालत नाही, ताई. मत कोणाचं ते कळता कामा नये. खूण दिसली की मत बाद."

तेव्हाच कुंकवाचं सांगितलं असतं तर कदाचित नवे कागद मागवता आले असते. मी म्हणाले, सांबार छान आहे.

उरलेले दिवस बरे गेले. पासिर रिसचा किनारा शांत आहे, संध्याकाळी जा.

निकालाच्या दिवशी मी पुण्यात होते. पेनसिल्व्हेनिया तिच्या उमेदवाराच्या हातून थोडक्यात निसटलं. दुपारी तिचा फोन आला.

"हरलो तर हरलो, ताई. माझं मत तर मोजलं गेलं."

मी हो म्हणाले. मुग्धा, तू हा ब्लॉग वाचतेस. त्या पाकिटावर मी कुंकू लावलं होतं.