कोयनेची बातमी

आमच्या विनोदांच्या ग्रुपवर कोयनानगरचे एक काका आहेत. मी सांगलीची, त्यांना कधी पाहिलेलं नाही. रोज सकाळी ते जगातली एक चक्रम बातमी टाकतात आणि खाली लिहितात, "खरं हाय, लिंक बघा."

परवा कोयनेला भूकंपाचा धक्का बसला. सगळ्यांनी विचारलं, "काका, बरे आहात ना?" तासाभरानं त्यांची बातमी आली. परदेशात कुणीतरी उशीशी लग्न केलं होतं.

मी चिडून फोन लावला. "अहो काका, भूकंपाचं काय?"

"त्यात काय बातमी हाय? आमची भांडी कायम खालच्याच फळीवर असत्यात. पर सून नवी हाय, लोणंदची. लय भ्याली. तिला अंगणात बसवून हसवाया ती उशीची बातमी हुडकली, मग तुमालाबी टाकली."

मागून सुनेचा आवाज आला, "पर मामा, उशीला मंगळसूत्र बांधलं कुठं?"