खिडकीजवळचं मशीन

नवऱ्याला हे माहीत नाही. आई हे कळायच्या आधीच वारली. देवापुढे हात जोडते तेव्हाही हा विषय मी काढत नाही – त्याला ठाऊक असेल तर असू दे. तुम्हाला सांगते. पण एक अट – मध्येच ‘होतं असं’ म्हणायचं नाही.

मुरबाडला कॉम्प्युटर क्लासात मी शिकवायचे. दोन हजार सालानंतरची गोष्ट. लिनक्स फुकट मिळायचं, म्हणून सगळ्या मशीनवर तेच. ते बसवलं होतं आमच्या गायकर सरांनी. कंपायलरवर – म्हणजे मुलांनी लिहिलेला प्रोग्राम मशीनला समजावून देणाऱ्या भागावर – त्यांनी होल्ड लावला होता. बाकी सगळं अपडेट झालं तरी तो जुनाच राहणार. परीक्षेपर्यंत त्याला हात लावायचा नाय, असं त्यांनी बजावलेलं. वर हेही, की बाईंनी टायपिंग शिकवावं, यात पडू नये.

झालं! माझं डोकं फिरलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी सर कल्याणला गेले, आणि मी खिडकीजवळच्या मशीनवरचा होल्ड काढून सीडीवरून नवा कंपायलर टाकला. कसली अडचण नाही, काही नाही! केवढी खूश झाले मी. त्याची मला आजही लाज वाटत नाही, सांगून ठेवते. मशीनमधलं काय फक्त सरांनाच कळतं?

लाज पुढची आहे. येते तिकडेच – घाई करू नका.

आमच्या क्लासातली जनी डोळखांबकडच्या पाड्यावरची. मुरबाडच्या वसतिगृहात राहायची, कपडे धुताना प्रोग्राम घोकायची. शहापूरच्या एका ऑफिसात तिला ऑपरेटरची जागा बोलून ठेवली होती – सर्टिफिकेट आण आणि कामाला लाग. नाही मिळालं तर? तर घरच्यांबरोबर भिवंडीच्या बाजूला वीटभट्टीवर. हे तिनंच मला सांगितलेलं, हसत हसत, कारण नापास होण्याचा प्रश्नच नव्हता.

परीक्षेला ती बसली नेमकी खिडकीजवळ.

तिनं पहिली ओळ टाईप केली, गाईडात होती तशी – जुन्या पद्धतीची. नव्या कंपायलरला ती चालत नव्हती. तिनं खोडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा खोडलं. शेजारच्या पोरींचे प्रोग्राम धडाधड चालत होते. मी स्क्रीनकडे एकदा पाहिलं आणि समजले. परीक्षकांना सांगायचं होतं ते किती थोडं – सर, हिला दुसऱ्या मशीनवर बसवा! पण मग ‘का?’ आलं असतं. आणि दारात गायकर सर उभे होते.

परीक्षकांनी विचारलं, हिला येत नाही का? आणि मी – दुसरं कुणी नाही, मी – म्हटलं, “हिचं पाठांतर पहिल्यापासून कच्चंच आहे.”

जनीनं माझ्याकडे पाहिलं. रडली नाही. ओढणीला हात पुसले आणि उठली.

दुपारी मी जुना कंपायलर परत टाकला, होल्ड लावला. कुणाला पत्ता नाही. खाई त्याला खवखवे म्हणतात ना? खोटं! मला काही खवखवलं नाही. जेवले, झोपले. पुन्हा परीक्षा होती ती पुढच्या वर्षी. शहापूरची जागा तोवर थांबते थोडीच? दिवाळीनंतर जनी भट्टीवर गेली.

पुढे क्लास माझ्याच हातात आला. बाईंची शिस्त बघा, लोक म्हणतात, परीक्षेआधी एका मशीनचं व्हर्जन हलू देत नाहीत. मी ऐकून घेते. कशाला नाही म्हणू?

काही वर्षांनी शहापूरच्या बाजारात हाक आली. जनी. बरोबर लहान मुलगी. मी मागे सरायच्या आत पाया पडली. मुलीला म्हणाली, “या माज्या मॅडम.” मग मलाच समजावल्यासारखं बोलली, “तवा मीच पयली ओळ इसरले, मॅडम. तुमी लय चांगलं शिकवलं होतं.”

तेव्हा तरी? भर बाजारात, कुठले गायकर सर नाहीत, कुठली नोकरी जाणार नाही – तेव्हा तरी?

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हटलं, “होतं गो असं.”

तिची पहिली ओळ बरोबर होती.