पेस्टिंग लाइनवरचे दुपट्टे

"उस मॅडम की टेन्शन मत लो. वो कुछ बोलेगी ही नहीं."

मी जिन्यातच थांबले. आवाज चौहानजींचा, आमच्या प्रॉडक्शन मॅनेजरचा. मॅडम म्हणजे मी. खाली गेटवर ब्रँडकडून तपासणीला आलेले कदम सर गाडीतून उतरत होते.

इंदूरच्या एका बुटांच्या कारखान्यात मी कम्प्लायन्स बघते. ज्या ब्रँडसाठी आम्ही बूट बनवतो, त्याच्या अटी पाळल्या जातात का, हे तपासायचं. त्यातली एक अट गमची. बुटाला सोल चिकटवायला पूर्वी सॉल्व्हंटचा गम असायचा. तो चटकन वाळतो, पण त्याच्या वाफेनं डोकं धरतं, मळमळतं. पाण्याच्या गमचा तसा त्रास नाही. मात्र तो हीटरखाली वाळवावा लागतो आणि लाइन मंदावते.

ब्रँडनेच आग्रह धरला म्हणून आम्ही पाण्याचा गम आणला. तेव्हा प्रत्येक मीटिंग सस्टेनेबिलिटीने सुरू व्हायची. मग तो शब्द त्यांच्या मेलमधून हळूहळू गेलाच. उरलं ते भाव काय आणि माल कधी. चौहानजींनी वारं ओळखलं. हीटर बंद झाला, सॉल्व्हंटच्या गमचे डबे परत आले. बॉक्सवरचं 'वॉटर-बेस्ड' हे हिरवं स्टिकर तेवढं तसंच राहिलं.

मी एकदा विचारलं होतं. ते म्हणाले, "बेटा, अब पूछता कौन है?"

मी फाइल मिटून जागेवर परत आले.

पेस्टिंग लाइनवर सोल चिकटवणारी संगीता दीदी कदम सर यायच्या आधीच्या आठवड्यात चक्कर येऊन स्टुलावरून पडली. पाणी प्यायल्यावर म्हणाली, "मॅडम, घरी जाऊन जेवण पण नाही जात. तुम्ही बोला ना."

तपासणीच्या दिवशी मला खोटं बोलायला कुणी सांगितलं नव्हतं. फक्त गप्प राहायचं होतं. ते मला जमतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

कदम सर पुण्याचे. "अरे, मराठी का तुम्ही?" एवढं हसून विचारलं आणि पुढे चालू लागले. गमचा वास कळू नये म्हणून खिडक्या उघड्या, एक्झॉस्ट फुल. पेस्टिंग लाइनपाशी ते थांबले. सगळ्या बायकांनी डोळ्यांपर्यंत दुपट्टे बांधलेले.

"इन सबने मुँह क्यों बाँधा है?"

चौहानजी हसले. "सर, इंदौर की लड़कियाँ हैं! स्कूटी पे धूल, धूप... घर से ही बाँध के निकलती हैं. यहाँ का फॅशन है."

कदम सरही हसले. संगीता दीदी हसली नाही. दुपट्ट्यावरून ती माझ्याकडे बघत होती.

पुढचं आधीच सांगून टाकते. हीटर पुन्हा चालू झाला. चौहानजी माझ्याशी आता फक्त मेलवर बोलतात. आणि विचारणारा थकला की अट नुसती स्टिकरपुरती उरते, हे मी नोकरीत शिकले. पण त्या क्षणी यातलं काहीच माहीत नव्हतं. कदम सर पुढच्या लाइनकडे वळले होते.

"सर."

ऐकू गेलं नाही. पुन्हा म्हणावं लागलं.

"सर, मीपण स्कूटीवर बांधूनच येते. पण आम्ही सगळ्या दुपट्टा गेटवरच सोडतो. ह्या इथे येऊन पुन्हा बांधतात. पाण्याचा गम होता तेव्हा इथे एकीचंही तोंड झाकलेलं नसायचं."