माझ्या लेकीचा शोधनिबंध दुसऱ्या बाईचा कसा?

मंडळी, दुपारी लातूरहून नांदेडला परतलो, पण डोकं अजून शांत होत नाही.

माझी लेक कॉलेजात वित्त विषय शिकवते. तिच्या बढतीच्या मुलाखतीला सोबत गेलो होतो. मुदखेडच्या बायकांच्या ओट्यावर बसून तिनं त्यांच्या भिशीवर शोधनिबंध लिहिला. तिच्या सगळ्या लेखनात अभ्यासक सर्वांत जास्त संदर्भ त्याचाच देतात. आज समितीनं तोच मोजला नाही! का, तर त्यावर तिचं लग्नाआधीचं नाव आहे, सुलभा.

"मॅडम, कम्प्युटर दोन बाया दाखवून राहिलाय," समितीतले साहेब म्हणाले. "सुलभाबाईंचे संदर्भ मंजिरीबाईंना कसे द्यायचे?"

तिनं नाव बदलल्याचं गॅझेट पुढे केलं. ते कुणी उघडलंही नाही.

मी दारातूनच ओरडलो, "अहो, दोघी एकच! मी बाप हाय तिचा!"

"काका, बापाचा दाखला चालत न्हाई. पुढच्या वर्षी या."

गाडीत, लोहा मागे पडल्यावर लेक एवढंच म्हणाली, "बाबा, मला सुलभाच राहायचं होतं."

खरं आहे. लग्नात जावयानं ताटातल्या तांदळावर जे नवं नाव लिहिलं, ते शाळेतल्या आवडत्या कवितेतून मीच शोधून दिलं होतं, केवढ्या कौतुकानं! ती नको म्हणत होती. मी म्हणालो, "रीत आहे, बेटा."

समितीविरुद्ध तक्रार मी करणारच. पण तुमच्या लेकीचं लग्न ठरलं असेल, तर खरं सांगा, तांदळाचं ते ताट तुम्ही मांडणार का?